घरांत येणारें पहिलें पिस्तूल

कादंबरींत, नाटकांत अथवा कोर्टाच्या हकीकतींत भेटणारें पिस्तूल आपल्या घरच्या कपाटांत येऊन बसेल, ही कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या स्वप्नींही आली नसती. घरांत शस्त्र म्हणून काय, तर विळी, अडकित्ता आणि एखाद्या घराण्यांत दसऱ्यापुरती खालीं उतरणारी तलवार! परंतु गेल्या वीस वर्षांत हें चित्र पालटलें आहे. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं एअर रायफलच्या स्पर्धेंत ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलें. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं चांगवन येथील विश्वचषक स्पर्धेंत आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक पटकाविलें. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढें २०२४ सालीं पॅरिस येथें मनु भाकर यांनीं १० मीटर एअर पिस्तुलांत एक पदक एकटीनें व दुसरें सरबज्योतसिंग यांच्या जोडीनें, अशीं दोन कांस्यपदकें आणलीं.

तेव्हां आज एखाद्या घरांत तेरा-चौदा वर्षांची मुलगी जेवणाच्या पंगतींत “मला एअर पिस्तूल घेऊन द्या” असें म्हणाली, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. नवल असतें तें त्यानंतर उडणाऱ्या धांदलीचें. आजी घास हातांत धरून थबकते. वडील मनांतल्या मनांत आंकडेमोड करूं लागतात. आणि हौशी काका त्याच रात्रीं सर्वांत महाग पिस्तूल कोणतें याचा शोध लावून बसतात. भीति, काटकसर आणि हौस या तिघींच्या भांडणांत मूळ प्रश्न बाजूस पडतो. तो प्रश्न असा, कीं ज्याला नेमबाजीचा गंधही नाहीं अशा नवशिक्यानें पहिलें पिस्तूल कोणतें घ्यावें, केव्हां घ्यावें, आणि घेतल्यावर तें घरांत कसें सांभाळावें? या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करण्याचें योजिलें आहे.

पिस्तूल कशासाठीं?

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. चोराचिलटांपासून संरक्षण व्हावें म्हणून पिस्तूल घ्यावें काय, असाही प्रश्न कित्येक गृहस्थ विचारतात. त्याचा विस्तार येथें कर्तव्य नाहीं. काडतुसाचें पिस्तूल १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं येतें. त्यास परवाना लागतो, आणि परवान्यासाठीं सामान्यतः वयाचीं २१ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. शिवाय मुलाबाळांच्या घरांत भरलेलें पिस्तूल उशाशीं ठेवणें म्हणजे चोराच्या भयानें पदरांत निखारा बांधण्यासारखें आहे. आपणांस येथें पाहावयाचें आहे तें खेळाचें पिस्तूल, आणि त्यांतही ज्यापासून शिकण्यास आरंभ करावयाचा तें दहा मीटरचें एअर पिस्तूल.

हें पिस्तूल दारूवर चालत नाहीं. दाबलेल्या हवेवर चालतें. त्याचा छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा, शिशाचा व चपट्या तोंडाचा असतो. तोंड चपटें अशासाठीं, कीं कागदाच्या लक्ष्यास स्वच्छ वाटोळें भोंक पडावें व गुणांविषयीं वाद राहूं नये. आपल्याकडील नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षां अधिक जोर नसलेल्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाहीं. स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर सुमारें ६ ज्यूल, म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी आंत असतो. परंतु परवाना लागत नाहीं म्हणजे तें खेळणें झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. या एवढ्याशा छऱ्यानें डोळा कायमचा जाऊं शकतो. कायद्यानें जी सवलत दिली आहे, तिच्याबरोबरची जबाबदारी घराच्या कर्त्या माणसांवर येऊन पडते, हें लक्षांत ठेवूनच पुढें जावें.

एका मिलिमीटरचा हिशेब

पिस्तुलाची निवड करण्यापूर्वीं त्याच्याकडून कोणतें काम करून घ्यावयाचें आहे, तें समजून घेतलें पाहिजे. नेमबाजानें लक्ष्यापासून दहा मीटरवर उभें राहावयाचें, एकाच हातानें पिस्तूल उचलावयाचें, हातास कोणताही आधार द्यावयाचा नाहीं, आणि ७५ मिनिटांत ६० छर्रे मारावयाचे. लक्ष्याच्या मध्यभागीं दहा गुणांचें जें वर्तुळ असतें, त्याचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. त्याच्याबाहेर दर ८ मिलिमीटरांवर एकेक गुण कमी होत जातो.

आतां गणित पाहा. पिस्तुलावर नळीच्या टोंकाशीं एक पुढची साईट आणि मागच्या बाजूस खांच असलेली दुसरी साईट असते. या दोहोंमधील अंतर साधारण ३२० मिलिमीटर धरूं. लक्ष्य १०,००० मिलिमीटर दूर आहे. पुढची साईट खांचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी ढळली, तरी तो फरक लक्ष्यापर्यंत पोहोंचतां पोहोंचतां सुमारें ३१ पट होतो आणि दहा गुणांचा छर्रा सात गुणांवर जाऊन बसतो. उलट दोन्ही साईट नीट जुळलेल्या असून सगळा हातच मिलिमीटरभर बाजूस सरला, तर छर्राही तेवढाच सरतो व दहा गुण कायम राहतात.

या साध्या त्रैराशिकांत पिस्तुल-नेमबाजीचें अर्धें शास्त्र सांठविलेलें आहे. हात थोडा हलणारच. जिवंत माणसाचा हात निश्चल कसा राहील? त्याची फिकीर नाहीं. फिकीर आहे ती मनगट मुरडण्याची आणि चाप ओढतांना बसणाऱ्या झटक्याची. म्हणूनच नेमबाजाची दृष्टि लक्ष्यावर नव्हे, तर पुढच्या साईटवर खिळलेली असते. लक्ष्य त्यास किंचित् पुसटच दिसतें. आणि म्हणूनच पिस्तुलाच्या गुणांमध्यें पहिला मान नळीचा नाहीं, नांवाचा नाहीं, किंमतीचा तर नाहींच नाहीं. तो मान मुठीचा आहे. जी मूठ हातांत रोज तशीच्या तशीच बसते, ती साईट जागेवर ठेवते. जी आज एक आणि उद्यां दुसरीच बसते, ती उत्तम नळीचेंही मातेरें करते.

आधीं हात, मग हत्यार

यावरून पहिला नियम निघतो, आणि तो दुकानदारास रुचण्यासारखा नाहीं. पहिलें पिस्तूल घेण्याची घाई करूं नये. निदान चार-सहा महिने रेंजवरील संस्थेच्या किंवा प्रशिक्षकाच्या पिस्तुलानें शिकावें. पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, मुंबईस वरळीला, कोल्हापुरास दुधाळीला अशा रेंज आहेत. इतर अनेक शहरांतही लहानमोठ्या संस्था निघाल्या आहेत.

या चार-सहा महिन्यांत तीन गोष्टी कळून येतात. पहिली, हात कोणता आणि डोळा कोणता. दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरील घड्याळाकडे बोट दाखवावें आणि मग एकेक डोळा मिटून पाहावें. ज्या डोळ्यानें पाहतां बोट घड्याळावरून हलत नाहीं, तो डोळा प्रबळ. उजव्या हाताचा व उजव्या डोळ्याचा मेळ असेल तर ठीकच. नसेल, तर कोणत्या हातानें शिकावें याचा निर्णय प्रशिक्षकानें करावा. आपल्या घरांत डावखुऱ्या मुलास जेवतां-लिहितांना उजवा हात वापरण्याची सक्ति करण्याची चाल पुष्कळ वर्षें होती. ती चाल निदान रेंजवर तरी नेऊं नये. हंगेरीच्या कारोली ताकाच या सैनिकाचा उजवा हात १९३८ सालीं हातबाँबच्या अपघातांत निकामी झाला. त्यानें गाजावाजा न करतां डाव्या हातानें सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत रॅपिड फायर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. या खेळांत डावें-उजवें असा भेद नाहीं. भेद आहे तो शिकलेल्या हाताचा आणि न शिकलेल्या हाताचा.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताची शक्ति. स्पर्धेचें पिस्तूल साधारण एक किलोच्या आसपास भरतें. नियमानें तें दीड किलोपेक्षां जड असूं नये. वाचकांनीं पाण्यानें भरलेली लिटरची बाटली एका हातानें खांद्याच्या रेषेंत समोर धरून वीस सेकंद उभें राहून पाहावें, आणि मग असें साठ वेळां करावयाचें आहे हें ध्यानांत आणावें! बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठीं आंखूड व हलकीं पिस्तुलें मिळतात. “मोठा झाल्यावर होईलच” म्हणून वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तसें जड पिस्तूल मुलाच्या हातीं देणें हें खांद्यास व मनगटास अपायकारक होतें, आणि त्यानें लागलेली वांकडी संवय पुढें सुटतां सुटत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे चिकाटी. पदकाची बातमी वाचून उसळलेला उत्साह पुष्कळदां परीक्षेच्या सुमारास ओसरतो. तो ओसरला तर मुलास दोष देऊं नये. पण तोंपर्यंत लाखभर रुपये गुंतलेले नसावेत, हें बरें. परदेशी बनावटीच्या चांगल्या स्पर्धा-पिस्तुलाची किंमत आज लाखाच्या घरांत व त्याहूनही वर जाते. एकत्र कुटुंबांत असा खर्च एकट्या बापाचा नसतो. कोणाची तरी फी, कोणाचें तरी औषधपाणी, घराची एखादी डागडुजी त्यापायीं मागें पडते. पिस्तूल आल्यावर मुलानें कंटाळा केला, तर तें कपाटांत पडून राहतें आणि दर सणावारीं त्याच्या खर्चाचा उद्धार होतो. अशा टोमण्यांनीं मुलाची पुढची दहा मागणीं मुकीं होतात. सहा महिन्यांचा धीर हा पैशांपेक्षां मुलाचें मन वांचविण्यासाठीं अधिक आवश्यक आहे.

निवड कशी करावी?

मुलगा किंवा मुलगी टिकून आहे, प्रशिक्षकाचाही होकार आहे, असें झाल्यावर निवडीस बसावें. प्रथम मूठ पाहावी. चांगले कारखाने लहान, मध्यम, मोठी अशा मापांच्या आणि डाव्या व उजव्या हातांच्या निरनिराळ्या मुठी करतात. परीक्षा अशी, कीं पिस्तूल रिकामें आहे याची खात्री करून तें हातांत धरावें, डोळे मिटून हात वर उचलावा, आणि मग डोळे उघडावे. पुढची साईट मागच्या खांचेच्या मधोमध आपोआप आलेली दिसली, तर मूठ हाताची आहे. मनगट वळवून ती आणावी लागली, तर नाहीं. चाप ओढणारें बोट मुठीच्या कडेस घासतां कामा नये. तें मोकळें राहून त्याच्या पहिल्या पेराचाच भाग चापावर टेकला पाहिजे. तळहाताखालची पट्टी वरखालीं सरकविण्याची सोय असावी. एवढें करूनही थोडें उणेंअधिक राहिल्यास लांकडी मूठ लांबी भरून व काचकागदानें घासून हाताजोगी करतां येते. पण तें काम जाणत्याच्या देखरेखीखालीं व्हावें. मनगटास आधार देणारी मूठ नियमाविरुद्ध आहे, हेंही ध्यानांत असावें.

दुसरा विचार चापाचा. दहा मीटरच्या स्पर्धेंत चाप ओढण्यास निदान ५०० ग्रॅम भार लागलाच पाहिजे. चापास तेवढें वजन अडकवून, पिस्तूल उचलून ही परीक्षा घेतात. चापाचा पहिला टप्पा आणि सुटण्याचा दुसरा टप्पा बोटास स्पष्ट जाणवला पाहिजे, आणि दोन्ही कमी-अधिक करतां आले पाहिजेत. कांहीं पिस्तुलांत विजेच्या मंडलावर चालणारा चाप असतो. तो फार मृदु असतो यांत शंका नाहीं. परंतु नवशिक्यास साधा यांत्रिक चाप पुरे. त्याचा बिघाड हातानें समजतो व बहुतेक ठिकाणीं दुरुस्त होतो.

तिसरा विचार हवा कोठून आणावयाची याचा. कांहीं पिस्तुलांत दर छऱ्यापूर्वीं दांडा दाबून हवा भरावी लागते. यांत सिलिंडरचा व्याप नाहीं व किंमतही कमी. पण साठ वेळां दांडा दाबून कोंवळा हात थकून जातो आणि नेम धरण्यापूर्वींच त्यास कंप सुटतो. कार्बन डायॉक्साइडवर चालणाऱ्या पिस्तुलांचा दाब थंडी-उन्हाळ्याबरोबर बदलतो. आपल्या मे महिन्यांत आणि डिसेंबरांत तीं एकसारखीं वागत नाहींत. हल्लीं स्पर्धांत सर्वत्र दिसतात तीं दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचीं. सुमारें २०० बार दाबाचा सिलिंडर एकदां भरला, कीं एक सामना सहज निभावतो. जवळच्या रेंजवर तो भरून मिळण्याची सोय असेल, तर स्पर्धेंत उतरूं इच्छिणाऱ्यानें याच जातीचें पिस्तूल घ्यावें.

चौथा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. तो म्हणजे दुरुस्तीचा. २०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें पात्रता फेरी चालू असतांनाच मनु भाकर यांच्या पिस्तुलांत बिघाड झाला. दुरुस्तींत मोलाचा वेळ गेला आणि अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनीं हुकली. जगांतील उत्तम पिस्तुलांचीही ही कथा! मग आपल्या गांवांत ज्याचे सुटे भाग कोणी आणून देत नाहीं, जें उघडून पाहणारा जाणता माणूस शंभर कोसांत नाहीं, असें नांवाजलेलें पिस्तूल घेऊन काय करावयाचें? स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ या सर्व कारखान्यांचा माल स्पर्धेच्या तोलाचा आहे. त्यांतील कोणतें श्रेष्ठ हा वाद नवशिक्यानें घालूं नये. आपल्या प्रशिक्षकास कोणतें उघडतां-जोडतां येतें, एवढेंच विचारावें.

जुनें घ्यावें काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. अवश्य घ्यावें. वापरून जुनें झालेलें चांगलें पिस्तूल हें नव्या निकृष्ट पिस्तुलाहून केव्हांही बरें. मात्र सिलिंडरवर घातलेली तारीख वाचल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. सिलिंडरचें आयुष्य बहुधा दहा वर्षांचें धरलेलें असतें. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेंत चालत नाहीं आणि घरांतही धोक्याचा असतो. मूठ मागील मालकानें आपल्या हाताप्रमाणें कोरून घेतली असल्यास नव्या मुठीची किंमत हिशेबांत धरावी.

राहतां राहिला थाटमाट. खास चष्मा, खास बूट, खास पेटी, यांची यादी न संपणारी आहे. २०२४ सालीं पॅरिस येथें तुर्कस्तानचे एकावन्न वर्षांचे युसुफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशांत घालून उभे राहिले आणि मिश्र जोडींत रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचें पिस्तूल स्पर्धेच्याच प्रतीचें होतें, आणि त्यामागें अनेक वर्षांचा सराव होता. नव्हते ते फक्त अलंकार. नवशिक्यानें त्यांच्याकडून एवढेंच घ्यावें, कीं पैसा पिस्तुलावर व छऱ्यांवर घालावा; बाकीचें मागाहून.

घरची शिस्त

पिस्तूल घरांत आल्यावर खरी परीक्षा घराची असते. एकत्र कुटुंबांत सर्व वयांचीं मुलें वावरतात, पाहुण्यांचीं मुलें येतात, आणि कुतूहल हें बालपणाचें भूषणच आहे. म्हणून पिस्तूल कुलपांत आणि छर्रे दुसऱ्या कुलपांत ठेवावेत. दोन्ही किल्ल्या घरांतील एकाच जबाबदार वडीलमाणसाकडे असाव्यात. ज्या आजीस प्रथम सर्वांत अधिक भीति वाटली, तिच्याच कंबरेस ती किल्ली असावी, असें आम्हांस वाटतें. भीतीचें रूपांतर जबाबदारींत झालें, कीं विरोध मावळतो. आणि नातवंडास किल्ली मागावयास रोज आजीकडे जावें लागतें, हा लाभ वेगळाच.

पिस्तूल भरलेलें आहे असें समजूनच तें नेहमीं हाताळावें. तें कोणाही माणसाकडे, अगदीं थट्टेनें व रिकामें असतांनाही, रोखूं नये. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊं नये. घरीं छर्रे उडविण्याचा मोह टाळावा. घरीं करावयाचा सराव कोरा असतो: छर्रा न घालतां, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, पुढच्या साईटवर दृष्टि ठेवून चाप ओढावयाचा. पुष्कळ स्पर्धा-पिस्तुलांत यासाठीं वेगळी कळ असते. रोज वीस मिनिटें असा कोरा कित्ता गिरविणारें मूल आठवड्यांतून एकदां शेंकडों छर्रे उधळणाऱ्या मुलाच्या पुढें जातें, कारण धडाका नसला म्हणजे चाप ओढतांना साईट कशी ढळते, तें डोळ्यांस स्वच्छ दिसतें.

आणखी एक गोष्ट गृहिणींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. छर्रे शिशाचे असतात आणि शिसें हें विष आहे. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस तें फार घातक. रेंजवरून आल्यावर साबणानें हात धुतल्याशिवाय फराळाच्या डब्यास हात लावूं देऊं नये. छर्रे ओंठांत धरण्याची खोड आढळल्यास ती पहिल्या दिवशींच मोडावी. आणि तेथील कपडे तान्ह्या मुलांच्या कपड्यांत मिसळूं नयेत. बाहेरून आल्यावर हातपाय धुण्याची आपली जुनी चाल येथें अक्षरशः औषधी ठरते.

सारांश, नवशिक्यासाठीं उत्तम पिस्तूल असें कोणतेंही एक नाहीं. या हातासाठीं, या वयासाठीं, या गांवच्या रेंजसाठीं आणि या घरच्या ऐपतीसाठीं योग्य असें एक पिस्तूल असतें, आणि तें कोणतें हें हात थोडा शिकल्याशिवाय कळत नाहीं. तेव्हां मुलीनें पंगतींत मागणी केली, तर तिला होय किंवा नाहीं असें उत्तर देण्याची घाई करूं नये. “येत्या रविवारीं आपण रेंजवर जाऊं,” एवढेंच म्हणावें, आणि खरोखरीच जावें. तेथें तिच्याबरोबर तासभर उभें राहावें. मूल साठ वेळां हात उचलतें, खालीं आणतें, न कंटाळतां पुन्हां उचलतें, हें ज्या आईबापांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, त्यांस पुढील निर्णय फारसा अवघड जात नाहीं.